पोर्चपासून स्वयंपाकघरापर्यंत

बुधवार, १९ फेब्रुवारी १९९२

प्रिय वर्नेलताई,

जर्मनीतल्या थंडीत तुझा खोकला पुन्हा उठला नसेल, अशी आशा करतो. आई ठीक आहे, तिचा गुडघा तिच्यापेक्षा थोडा कमी ठीक आहे. मीही ठीक. आईने पाठवलेले मोजे पोचले का ते कळव, कारण पाकिटावर तुझ्या तुकडीचा क्रमांक मी लिहिला होता आणि तो मी तीनदा तपासला असला, तरी चौथ्यांदा तपासायला हवा होता असं पोस्टातून बाहेर पडल्यावर वाटलं.

आता बातमी. एक वाईट आहे आणि एक फार चांगली. वाईट आधी लिहून टाकतो.

नऊ तारखेला, रविवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी, पोलिसांनी ल्यूशसदादाला आपल्या घरातून पकडून नेलं. नदीकाठचा बंद पडलेला काच कारखाना तुला आठवत असेल. जानेवारीच्या शेवटी तिथे कोणीतरी कुलूप तोडून आत शिरलं आणि भिंतीतल्या तांब्याच्या तारा काढल्या. पहाऱ्यावरचे मिस्टर डूली मध्ये आले, तेव्हा त्यांना ढकलून तो पळाला. म्हाताऱ्याचं मनगट मोडलं. पोलीस म्हणतात, तो माणूस म्हणजे दादा. आता दादा काउंटीच्या तुरुंगात आहे. आरोप मोठा आहे, ताई. नुसत्या चोरीचा नाही.

आता चांगली. ऐक! त्यांच्याकडे वॉरंट नव्हतं!

मला हे आधी सुचलंच नव्हतं. आईने दादाचे शर्ट लाँड्रीत पाठवले होते, ते पोचवून मी मिस्टर बूकरच्या सलूनमध्ये गेलो. मिस्टर बूकरनी विचारलं, "कागद दाखवला का त्यांनी? जजच्या सहीचा?"

"नाही."

"खिशातून नुसता बाहेर काढून परत तरी ठेवला?"

"नाही, मिस्टर बूकर. कागद नव्हताच."

त्यांनी वस्तरा हवेत उगारला आणि खुर्चीतल्या माणसाला अर्ध्या दाढीवर सोडून मला मिठी मारली. "मग संपलं की! खटला गेला उडत! घरात शिरून वॉरंटशिवाय अटक? पोरगा रविवारपर्यंत घरी."

खुर्चीतला माणूस साबणातून म्हणाला, "बूकर, तू वकील कधी झालास?"

"तीन वेळा अटक झालीय मला. तू किती वेळा कॉलेजात गेलास?"

मी तिथून थेट वाचनालयात गेलो. तुला माहीत आहे, मी दहावीतून शाळा सोडली आणि कायद्याच्या पुस्तकातली वाक्यं एखाद्या मालगाडीसारखी असतात, शेवटचा डबा येईपर्यंत पहिला विसरायला होतो. पण शब्दकोश शेजारी ठेवून मी दोन तास बसलो आणि ते सापडलं. रस्त्यावर पकडायला पोलिसांना पुरेसा संशय चालतो. घरात शिरून पकडायचं तर आधी जजची सही लागते, नाहीतर घरातल्याने आत बोलावलेलं लागतं. मी ते सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं आणि आनंदाने माझी पेन्सिल तिथेच विसरलो. मी, ताई!

दादाला सरकारकडून वकीलबाई मिळाल्या आहेत, मिस कोवाल्स्की. बारीक आहेत, भराभर बोलतात, आणि त्यांच्या टेबलावर इतक्या फायली आहेत की त्या फायलींच्या मागून बोलतात. मी कागद पुढे केला आणि म्हटलं, "म्हणजे आता खटला रद्द, हो ना मॅडम?"

"कोण म्हणालं?"

"मिस्टर बूकर. आमचे न्हावी."

"दाढी चांगली करतात का ते?"

"हो, मॅडम."

"मग त्यांना तेच करू दे." पण त्यांनी माझा कागद वाचला, आणि दुसऱ्यांदा वाचला. मग सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत लिहितो, कारण आईला सांगताना ते माझ्या तोंडून वाकडं होतं. "अटक चुकीची झाली म्हणून आरोप पुसला जात नाही, मिस्टर मॅबरी. तुमचा भाऊ कोर्टासमोर आहे, त्याच्यावर खटला चालणारच. पण घरात बेकायदा शिरून पोलिसांनी तिथल्या तिथे जे मिळवलं, ते ज्यूरीपुढे आणता येत नाही. आणि तुमच्या स्वयंपाकघरात त्यांनी काय मिळवलं, ते आठवतंय ना?"

आठवतंय. हातात बेड्या पडल्यावर दादा एक वाक्य बोलला. ते मी इथे लिहीत नाही. त्या वाक्याशिवाय त्यांच्याकडे फारसं काही नाही, मिस्टर डूलींनी रस्त्याच्या दिव्याखाली लांबून पाहिलेलं एक हिरवं जॅकेट. म्हणजे सगळं त्या वाक्यावर आहे, आणि ते वाक्य दारावर आहे.

मिस कोवाल्स्कींनी विचारलं, "दार तुम्ही उघडलंत. तुम्ही त्यांना 'या' म्हणालात?"

"नाही, मॅडम. एक शब्दसुद्धा बोललो नाही."

त्यांनी ते लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. दोन! दोन एप्रिलला सुनावणी आहे. मी साक्षीदार आहे.

तुझा,
थॅड


रविवार, १५ मार्च १९९२

प्रिय ताई,

तुझं पत्र मंगळवारी आलं. मोजे पोचले, क्रमांक बरोबर होता, जीव भांड्यात पडला. तू लिहिलेली कॉर्पोरल मुलीची गोष्ट आईला वाचून दाखवली, ती इतकी हसली की तिला बसावं लागलं.

तू विचारलंस ते मी चार वेळा वाचलं. "थॅड, मी स्वतः मिलिटरी पोलिसात आहे. पोर्चपासून आपल्या स्वयंपाकघरापर्यंत अठरा पावलं आहेत. ते उडत आले का?" तुझं अक्षर मला नेहमी आवडतं, पण हे वाक्य जरा दाबून लिहिलेलं दिसलं.

सांगतो. सकाळी आईने मक्याच्या कण्यांचे ग्रिट्स केले होते आणि ती वर केस विंचरत होती. माझी पहिल्या प्रार्थनेला दारावरची सेवा होती, म्हणून मी सव्वानऊलाच तयार होतो. काळा सूट, छातीवर बिल्ला, पांढरे हातमोजे. हातमोजे मी घरीच घालून निघतो, कारण बसमध्ये घालायला गेलं की एखादा खाली पडतोच. दादा स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून कॉफी पीत होता. दारावर थाप पडली. बेल नाही, थाप. मी दार उघडलं. दोघे होते, एक गणवेशातला आणि एक तपकिरी कोटातला, डिटेक्टिव्ह स्ट्रोब. मग ते आत होते. मग स्वयंपाकघर, मग बेड्या.

हे असं झालं.

इकडे आईने वेगळीच पंचाईत करून ठेवली आहे. ती चर्चमध्ये सगळ्यांना सांगते की पोलिसांनी लाथ मारून दार तोडलं. मी तिला म्हटलं, "आई, चौकट बघ. टवकासुद्धा उडालेला नाही. कोर्टात असं म्हणालीस तर ते फोटो काढतील."

"तू कोणाच्या बाजूने आहेस रे?"

"चौकटीच्या नाही, आई. पण ती शाबूत आहे."

"मनातून तर तोडलंच ना त्यांनी?"

तिला अजूनही वाटतं की दोन एप्रिलला दादा तिच्यासोबत बसने घरी येणार. मी मिस कोवाल्स्कींची वाक्यं तिला वाचून दाखवली. ती म्हणाली, "चुकीने घेतलेली वस्तू परत करावी लागते. माझा मुलगा काय वस्तूपेक्षा कमी आहे?" याचं उत्तर तुला सुचलं तर लिही.

शनिवारी दादाला भेटलो. काचेच्या पलीकडून फोनवर बोलायचं असतं. तो बारीक झालाय, पण थट्टा शाबूत आहे. म्हणाला, "काय वकीलसाहेब, आज शब्दकोश नाही आणला?" मग काचेला हात लावून म्हणाला, "कोवाल्स्की म्हणाली, तू एक शब्दही बोलला नाहीस. शाब्बास. आयुष्यभर तुला बोलता येत नाही म्हणून मी चिडवलं आणि तू न बोलण्यानेच मला सोडवणार." मी काचेला हात लावला नाही, कारण ती फार चिकट होती. असं त्याला म्हटलं. तो हसला.

ताई, तू लहानपणी दारावरची सेवा केली आहेस, म्हणून तुला हे लिहायची गरज नाही, पण लिहितो. सिस्टर पर्लीन आम्हाला काय शिकवतात? दारावर उभा असलेला बोलत नाही. आत देव आहे, बाहेर माणूस आहे, मध्ये आपला आवाज नको. डावा हात पाठीमागे, मूठ कमरेवर. टाचा जुळलेल्या. कोणी उंबऱ्यावर आलं की एक पाऊल मागे, आणि उजवा हात असा आतल्या बाजूला. सगळं हातानेच. मी अकरा वर्षांचा होतो तेव्हापासून करतो आहे. आता तेवीस.

म्हणून मी एक शब्दही बोललो नाही, हे अगदी खरं आहे.

रोज सुनावणीचा सराव करतो. छान होणार सगळं. माझा सूट ड्रायक्लीनिंगला देतोय, मी काम करतो त्याच लाँड्रीत, नंबरची चिठ्ठी मीच टाचली.

तुझा भाऊ,
थॅड


शुक्रवार, ३ एप्रिल १९९२

प्रिय वर्नेलताई,

जिंकलो! आधी हे. मग बाकीचं. घाईत लिहितोय, अक्षराबद्दल माफ कर.

तू बरी असशील. आई बरी आहे, पण रागावलेली आहे, ते येईलच.

काल साडेनऊला आम्ही कोर्टात पोचलो. साक्षीदारांना आत बसू देत नाहीत, म्हणून मी बाहेर बाकावर होतो आणि डिटेक्टिव्ह स्ट्रोब आत काय सांगतोय ते मला ऐकू येत नव्हतं. माझ्या शेजारी एक म्हातारा येऊन बसला. उजव्या मनगटाला पट्टा, आणि एका हाताने कोटाचं बटण काढायचा प्रयत्न करत होता. जमत नव्हतं. मी काढून दिलं. तो म्हणाला, "थँक यू, बाळा. थंडीत हे मनगट लाकडासारखं होतं." मग मला कळलं, हे मिस्टर डूली. त्यांना मी कोण ते कळलं नव्हतं.

मला बोलावलं. शपथ घेतली. मिस कोवाल्स्कींनी जे ठरलं होतं ते विचारलं, मी जे ठरलं होतं ते सांगितलं. एक शब्दही नाही. सगळं छान. मग सरकारी वकील उठले. मऊ आवाजाचे गृहस्थ आहेत.

"तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत, मिस्टर मॅबरी. मान्य. हाताचं काय?"

ताई, माझे कान बंद झाले.

"कुठल्या हाताचं, सर?"

"तुम्हीच सांगा."

दादा माझ्याकडे बघत होता. मिस कोवाल्स्की फायलीच्या मागून वर आल्या. आईने दोन ओळी मागून मोठ्याने म्हटलं, "कसला हात?" आणि जज हॅरिगन यांनी तिला गप्प केलं.

मी म्हणालो, "उजव्या, सर. मी मागे झालो आणि त्यांना हाताने वाट दाखवली."

दादाने डोळे मिटले. सरकारी वकील म्हणाले, "म्हणजे आत बोलावलंत," आणि बसायला निघाले.

पण जज म्हणाले, "थांबा. वाट दाखवली म्हणजे कशी? उभे राहा आणि दाखवा."

मी उभा राहिलो. टाचा जुळल्या. डावी मूठ कमरेवर गेली. एक पाऊल मागे, आणि उजवा हात. मला खरंच सांगता येत नाही, ते आपोआप झालं. आणि माझ्यासमोर कोर्टाच्या दारावरचा जो पोलीस उभा होता, मोठा, टकलू, पिस्तूलवाला, तो मान झुकवून दोन पावलं पुढे आला! मग भानावर येऊन थांबला. अख्खं कोर्ट हसलं. जजनी विचारलं, "तुम्ही कुठे निघालात?"

तो म्हणाला, "माफ करा, सर. आमच्याही चर्चमध्ये असंच करतात. पाय आपोआप निघाले."

जज हसले नाहीत. मला म्हणाले, "दार उघडलंत तेव्हा पोलीस काही बोलले का?"

"हो, सर. डिटेक्टिव्ह म्हणाले, 'बाजूला हो.'"

"तुमचा हात जायच्या आधी की नंतर? नीट आठवा."

"आधी, सर. पक्कं आधी. त्यांचा एक पाय उंबऱ्यावर होता आणि ते म्हणाले, 'बाजूला हो.' मग माझा हात गेला."

"तुम्ही त्या वेळी कसे कपडे घातले होते?"

"हेच, सर. आणि हातमोजे."

मग जजनी डिटेक्टिव्हकडे वळून विचारलं, "रविवारी सकाळी नऊ वाजता आमच्यापैकी एक जज फोनवर असतो, माहीत आहे ना? फोन करायला किती वेळ लागला असता?"

"मी... वीस मिनिटं, सर."

"आणि आरोपी कॉफी पीत होता."

"हो, सर."

जेवणाच्या सुट्टीनंतर निकाल वाचला. मी मिस कोवाल्स्कींकडून उतरवून घेतला आहे. हुकूम दिल्यावर कोणी वाट सोडली, तर ती संमती नव्हे. ज्या मुलाचा हात बारा वर्षं दर रविवारी एकच हालचाल करत आला, त्याची सवय म्हणजे आमंत्रण नव्हे. अटक बेकायदा. स्वयंपाकघरात बोललेलं वाक्य या खटल्यात येणार नाही. "आरोप मात्र आहे तसाच राहील. खटला जूनमध्ये."

आई "हालेलुया" म्हणून उभी राहिली. तिच्या हातात दादाचा कोट होता, घरी नेताना घालायला आणलेला. मग पोलीस दादाला बाजूच्या दाराने परत घेऊन चालले, तेव्हा तिचा चेहरा बदलला.

"कुठे नेताय त्याला? जिंकलो ना आपण?"

जज म्हणाले, "बाई, अटक चुकीची होती. आरोप चुकीचा आहे का, ते जूनमध्ये ठरेल."

"मग मी कॉलर्डची एवढी भाजी आणि पीच कॉब्लर कोणासाठी केलं?"

जजनी जरा विचार केला. "टिकतं का ते?"

"कॉब्लर चार दिवस टिकतं."

"तर मग मला नाही सांगता येणार, बाई," असं म्हणून ते उठले. मला वाटतं त्यांना हसू आलं होतं.

बाहेर मिस कोवाल्स्कींनी माझी कॉलर धरली. खरंच धरली. "हाताचं मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही शब्दाचं विचारलंत, मॅडम."

"माझ्या आयुष्याची दहा वर्षं गेली त्या पाच मिनिटांत!" मग म्हणाल्या की सरकारकडे आता फक्त हिरवं जॅकेट उरलं आहे आणि तेही लांबून. सरकारी वकील तडजोडीचं बोलायला येतील. कदाचित दादाला तुरुंगात राहावं लागणार नाही. कदाचित! आणि दादाने जाताना माझ्याकडे वळून, बेड्यांतल्या हातांनी जमेल तेवढी, दारावरची खूण केली. सगळे हसले. मीही.

आता ते वाक्य लिहितो, कारण आता ते कोर्टात कोणाला वाचता येणार नाही. बेड्या घालताना दादा म्हणाला, "म्हाताऱ्याला ढकलायचं माझ्या मनात नव्हतं."

मला ते आधीपासून माहीत होतं, ताई. त्या रात्रीनंतर त्याच्या तळहातांवर कापल्याच्या रेघा होत्या. मी विचारलं तर म्हणाला, "झोप." पेपरात मनगटाचं आलं, तेव्हापासून मला जेवण जात नव्हतं. गल्लीत गाडी थांबली की मी पडद्यामागे जाऊन उभा राहायचो. बारा दिवस. आई गात होती, तो कॉफी पीत होता, आणि मी एकटा वाट पाहत होतो.

मी कोर्टात जे सांगितलं ते सगळं खरं आहे. "बाजूला हो" आधी, हात नंतर. पण त्या दोन्हींच्या मध्ये थोडा वेळ होता. फार नाही, दोन श्वास. त्या दोन श्वासांत मी मागे वळून पाहिलं. दादाची पाठ दिसली. मागचं दार उघडंच होतं. मला "दादा" म्हणून हाक मारता आली असती. मला "वॉरंट आहे का" असंही म्हणता आलं असतं, चित्रपटात म्हणतात तसं. त्याऐवजी मला वाटलं, बरं झालं, आता हे संपेल. आणि मग हात गेला.

हात सवयीने गेला असेल. जज मोठे आहेत, त्यांना तसं वाटलं. पाऊल सवयीने मागे गेलं का, हे मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मला वाटतं. पण कोणी विचारलं नाही, आणि मला फार आनंद झाला, आणि तो आनंद मला अजूनही आहे, हे सगळ्यात वाईट. मी कालपासून हसतो आहे. काल रात्री कॉब्लर दोनदा वाढून घेतलं.

दादाला वाटतं, मी त्याला सोडवलं. उद्या शनिवार आहे, भेटीची वेळ एक वाजता. मी त्याला हे सांगणार आहे. खटल्यावर याचा काही परिणाम होत नाही, मी मिस कोवाल्स्कींना "समजा एखाद्याच्या मनात असेल तर" असं फिरवून विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, पोलिसांना मन दिसत नाही, त्यांना जे दिसलं तेवढंच मोजतात. म्हणजे हे फक्त आमच्या दोघांत आहे.

मी स्वतःला ओळखतो. काचेसमोर गेल्यावर मी हवेबद्दल बोलेन. म्हणून हे पत्र आधी तुला. उद्या बारा वाजता कोपऱ्यावरच्या पेटीत टाकतो, मग बस पकडतो. एकदा पेटीत पडलं की तुला कळणार, आणि तुला कळल्यावर त्याला न सांगता मला राहता येणार नाही.

तू मला काय म्हणायचं ते म्हण, फक्त दाबून लिही, म्हणजे मला कळेल.

तुम्हां दोघांचा भाऊ, उद्या दीड वाजल्यानंतरही दादाने ठेवला तर,
थॅडियस